तुमच्या सेल्फीचा पूर्वज : १८५८ सालचा एका हाताचा ठसा

सप्टेंबर २०२५ मध्ये दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. पहिली तुम्हाला नक्की आठवत असेल. जेमिनीमध्ये सेल्फी टाकायचा, तयार प्रॉम्प्ट चिकटवायचा, की जुन्या हिंदी सिनेमातल्यासारखा शिफॉनच्या साडीतला, वाऱ्यावर पदर उडणारा फोटो तयार. इन्स्टावर दुसरं काही दिसतच नव्हतं. दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षातही आली नाही. सौदी अरेबियातल्या जेद्दाहजवळ लाल समुद्रात इंटरनेटच्या केबल तुटल्या आणि भारतासकट अनेक देशांत नेट काही काळ मंदावलं.

साडीवाल्या ट्रेंडवर "हे सेफ आहे का?" छापाचे ढीगभर व्हिडिओ आले. बहुतेकांचं उत्तर एकच : प्रायव्हसी पॉलिसी वाचा, वॉटरमार्क बघा, जपून राहा. हे काही चूक नाही, पण त्यातून फारसं काही कळतही नाही. माझा चेहरा ही 'माहिती' कधीपासून झाली? ती गोळा करायचा हक्क कोणाला मिळाला, आणि तो कोणी दिला? इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत आम्ही ओएसआय मॉडेलचे सात लेयर पाठ केले, पण हे प्रश्न एकाही पेपरात आले नाहीत. मला त्यांची थोडीफार उत्तरं मिळाली ती कलाकारांच्या कामातून. आर्ट गॅलरी म्हटलं की "ते आपल्यासाठी नाही बाबा" म्हणून आपण पुढे सरकतो. तंत्रज्ञानाच्या बाबतीत तरी असं सरकू नका, कारण कंपन्या जे दाखवत नाहीत नेमकं तेच काही कलाकार वर्षानुवर्षं खणून काढतायत.

२४ मीटरचा नकाशा

सध्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे 'कॅल्क्युलेटिंग एम्पायर्स'. केट क्रॉफर्ड ही ऑस्ट्रेलियन संशोधक आणि व्लादान योलर हा सर्बियातल्या नोवी साद इथला प्राध्यापक, या दोघांनी सुमारे चार वर्षं खपून हा नकाशा बनवला. नकाशा जमिनीचा नाही, काळाचा आहे. इ.स. १५०० पासून आजपर्यंत तंत्रज्ञान आणि सत्ता एकमेकांच्या हातात हात घालून कशा चालत आल्या, याचा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या बारीक रेषा, हजारो छोटी चित्रं आणि टिपा. प्रत्येकी १२ मीटर लांबीच्या दोन भिंती. एका बाजूला संवादाची साधनं, गणनयंत्रं, अल्गोरिदम. दुसऱ्या बाजूला वर्गीकरण आणि नियंत्रण : जनगणना, तुरुंग, सीमा, पोलीस, लष्कर. २०२३ मध्ये तो मिलानला प्रादा फाउंडेशनच्या गॅलरीत लागला आणि २०२५ मध्ये व्हेनिसच्या आर्किटेक्चर बिएनालेत त्याला सिल्व्हर लायन मिळाला.

याच दोघांनी २०१८ मध्ये 'अ‍ॅनाटमी ऑफ अ‍ॅन एआय सिस्टिम' केलं होतं. त्यात विषय एकच, अ‍ॅमेझॉनचा एको स्पीकर. "अलेक्सा, दिवा लाव" एवढं बोललं की मागे काय काय हलतं? बोलिव्हियातल्या मिठागराखालचं लिथियम, धातू वितळवणारे कारखाने, कंटेनरची जहाजं, डेटा सेंटर, डेटाला लेबलं लावणारी माणसं आणि शेवटी ई-कचऱ्याचा ढीग. हे सगळं एका तक्त्यावर.

मोठा नकाशा मी ऑनलाइन बघितला (फोनवर नाद करू नका, लॅपटॉपवर झूम करत बघा). माझं प्रामाणिक मत सांगते. काम अफाट आहे, पण त्यात एक अडचण आहे. सगळ्याला सगळं जोडलं की कशामुळे काय झालं ते कळेनासं होतं. दोन गोष्टी शेजारी काढल्या म्हणजे एकीतून दुसरी जन्मली असं होत नाही. आम्ही कोडमध्ये डिपेंडन्सी ग्राफ काढतो तेव्हा बाणाला अर्थ असतो : हे नसेल तर ते चालणार नाही. नकाशातल्या सगळ्याच रेषांना तो अर्थ नाही. आणि २४ मीटरच्या भिंतीसमोर माणूस आधी थक्क होतो, विचार करायचं नंतर बघू म्हणतो.

त्यामुळे मला एकच धागा धरून शेवटपर्यंत जाणारी कामं जास्त पटतात. उदाहरणार्थ, १८३९ मध्ये फ्रान्सच्या ल्यों शहरात जोसेफ-मारी जॅकार्डचं एक रेशमी चित्र विणलं गेलं. त्यासाठी २४,००० भोकं पाडलेली कार्डं लागली. भोक आहे, धागा वर. भोक नाही, धागा खाली. संगणकाचा आद्य आराखडा करणाऱ्या चार्ल्स बॅबेजने त्याची एक प्रत घरी लावली होती आणि बघणाऱ्यांना ते छापील चित्रच वाटायचं. घरात सोलापुरी चादर असेल तर तिच्यावरची नक्षीही याच जॅकार्डच्या तंत्रातून येते. म्हणजे झोपताना आपण एक फाइल अंगावर घेतो म्हणा ना.

आणि हे अगदी अलीकडचं. सायमन वेकर्ट या जर्मन कलाकाराने ९९ जुने स्मार्टफोन एका लहानशा हातगाडीत टाकले, सगळ्यांवर गुगल मॅप्स चालू केलं आणि बर्लिनच्या रस्त्यावर ती गाडी ओढत निघाला. मॅपवर रस्ता लालबुंद झाला. प्रत्यक्षात रस्ता मोकळा! कारण सोपं आहे. मॅप्सला रस्ता दिसत नाही, फोन दिसतात. एकाच जागी ९९ फोन पायी चालण्याच्या वेगाने सरकतायत म्हणजे ट्रॅफिक जॅम, असा त्याचा हिशेब. यावरून लोक खूप हसले. मला मात्र याची उलटी बाजू महत्त्वाची वाटते. जिथे फोन नाहीत तिथे गर्दी असली तरी या नकाशात ती नसतेच.

ढगात काही नाही, सगळं पाण्याखाली

आता त्या तुटलेल्या केबलकडे. 'क्लाउड' हा शब्द ज्याने शोधला त्याला मार्केटिंगचं बक्षीस द्यायला हवं. परदेशातल्या सर्व्हरवरून येणारं बहुतेक सगळं समुद्राच्या तळावरच्या केबलमधून येतं आणि भारतात त्यातल्या बऱ्याचशा केबल मुंबईत, मुख्यतः वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात. ट्रेव्हर पॅग्लन या अमेरिकन कलाकाराने स्कूबा डायव्हिंग शिकून फ्लोरिडाजवळ समुद्रतळावर अशा केबलचे फोटो काढले. फोटोत काय दिसतं? हिरवट पाणी, वाळू आणि एक काळपट दोर. बस्स. एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेल्या कागदपत्रांमुळे अमेरिकी गुप्तहेर खातं अशा केबलवर कान लावून बसतं हे कळलं होतं, त्यानंतरची ही कामं. पाळत म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर हिरवी अक्षरं धावणारा काळा स्क्रीन येतो. पॅग्लन म्हणतो, हा दोर बघा.

याच्या दीडशे वर्षं आधी रॉबर्ट डडली नावाचा इंग्रज चित्रकार 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजावर बसून अटलांटिकमध्ये तारायंत्राची केबल टाकताना बघत होता. १८६५ ची ती मोहीम फसली, केबल मधेच तुटली आणि पुढच्या वर्षी ती जमली. डडलीची जलरंगातली चित्रं आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. त्या चित्रांत कामगार वेटोळी घातलेली केबल हाताळताना दिसतात. इतिहासाच्या पुस्तकात त्या कामगारांचा उल्लेख सापडणं कठीण, पण चित्रकाराला त्यांना काढावंच लागतं, कारण केबल आपली आपण उचलली जात नाही.

याच जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन केबल टाकली आणि पुढे लाल समुद्रातून सुएझ गाठणारी साखळी पूर्ण झाली. मार्ग ओळखीचा वाटतोय? सप्टेंबर २०२५ मध्ये जिथे केबल तुटली तोच हा अरुंद पट्टा. त्या केबलवर पाणी आत जाऊ नये म्हणून गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचं आवरण असायचं. हा चीक मलाया-इंडोनेशियाच्या जंगलातून यायचा आणि तो काढायला झाडच तोडावं लागे. चांगल्या जातीची झाडं बघता बघता संपत आली. आज आपण डेटा सेंटरच्या विजेवर आणि पाण्यावर भांडतो आहोत. ते भांडण अगदीच रास्त आहे, फक्त ते नवीन आहे असं कोणी समजू नये.

राज्यधर कोनाईचा हात

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

जुलै १८५८. उठाव नुकताच चिरडला गेलाय, इंग्रज अधिकारी धास्तावलेले आहेत. बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा तरुण अधिकारी रस्त्याचा माल पुरवण्याचा करार करतोय. समोर ठेकेदार आहे राज्यधर कोनाई. करार कोनाईने स्वतःच्या हाताने, बंगालीत लिहिलाय. तरी हर्शेल त्याचा तळहात सरकारी शिक्क्याच्या शाईने माखतो आणि कागदाच्या मागच्या बाजूला दाबून घेतो. का? पुढे हर्शेलने स्वतःच लिहून ठेवलं आहे की या माणसाने नंतर आपली सही नाकारायचा विचारही करू नये, इतका धाक त्याला बसावा हा हेतू होता.

इथे थांबून बघा. आपल्याकडे न शिकलेल्या माणसाला हिणवायला 'अंगठेबहाद्दर' हा शब्द आहे. सही येत नाही म्हणून अंगठा, असं आपण धरून चालतो. कोनाईला तर लिहिता येत होतं! आख्खा करार त्याच्या अक्षरात होता. त्याच्या शब्दावर विश्वास नव्हता म्हणून त्याचं शरीर नोंदवून घेतलं गेलं. बायोमेट्रिकची सुरुवात निरक्षरांच्या सोयीसाठी झाली असं कोणी सांगितलं तर हा कागद आठवा.

हा ठसा पुढे फ्रान्सिस गॅल्टनच्या संग्रहात लंडनला पोचला. दिल्लीच्या रक्स मीडिया कलेक्टिव्हने, म्हणजे जीबेश बागची, मोनिका नरुला आणि शुद्धब्रत सेनगुप्ता यांनी, २०११ मध्ये त्यावर एक व्हिडिओ केला. पडद्यावर फक्त कोनाईचा तो हात. पण हलणारा. बोटं मिटतात, उघडतात, हात मोजायला लागतो आणि मोजतच राहतो. कामाचं नाव 'द अनटोल्ड इंटिमसी ऑफ डिजिट्स'. इंग्रजीत डिजिट म्हणजे आकडा आणि बोटही. आद्याक्षरं जुळवून बघा : यूआयडी. त्याच्या वर्षभर आधी, २९ सप्टेंबर २०१० ला, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातली पहिली आधार कार्डं वाटली गेली होती.

मला या कामातलं आवडतं ते हे की त्यात आधारवर भाषण नाही. ज्या हाताला मोजण्यासाठी धरलं गेलं तो हात स्वतः मोजायला लागतो, एवढंच. बाकी सगळं बघणाऱ्यावर सोडलंय.

या गोष्टीचा मधला तुकडा मात्र व्हिडिओत नाही, आणि इंजिनीअर म्हणून मला तोच सगळ्यात भारी वाटतो. ठसे हजारो जमले की त्यातला एक शोधायचा कसा? १८९० च्या दशकात कलकत्त्याला पोलीस खात्यातल्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी उत्तर काढलं. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. जोड्यांना किंमत द्यायची १६, ८, ४, २, १. बोटावर भोवरा असेल तर त्या जोडीची किंमत धरायची, नसेल तर शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज वर, विषम क्रमांकाच्या बोटांची खाली, दोन्हीत एक एक मिळवायचा. ३२ गुणिले ३२, म्हणजे १,०२४ कप्पे. नवीन ठसा आला की बेरीज करा आणि थेट त्या कप्प्यात हात घाला. मित्रांनो, हे हॅश टेबल आहे! दहा बोटं, दहा बिट. तेही पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक यायच्या चाळीसेक वर्षं आधी. आणि जगभर या पद्धतीला नाव काय पडलं? 'हेन्री पद्धत', त्यांच्या इंग्रज साहेबाच्या नावाने. इंटरव्ह्यूमध्ये हॅशिंग विचारलं तर हा किस्सा सांगा, समोरचा झोपेतून जागा होईल.

१८७७ मध्ये हर्शेल हुगळीला मॅजिस्ट्रेट झाला तेव्हा त्याने हे ठसे कोणाकडून घ्यायला सुरुवात केली? पेन्शनवाल्यांकडून, दस्त नोंदवायला येणाऱ्यांकडून आणि कैद्यांकडून. ही यादी नीट बघा. 'नाही' म्हणणं ज्यांना परवडत नाही असे लोक. आज पेन्शनर आजी-आजोबा जीवन प्रमाणसाठी बोट टेकवतात, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्ताला अंगठा लागतो, रेशन दुकानात ई-पॉस मशीनवर लागतो. ज्यांची बोटं शेतात, बांधकामावर, भांडी घासून झिजलीत त्यांचाच "अंगठा येत नाही". मशीनचा दोष नाही असं नाही, पण मशीन जे शोधतं ते म्हणजे त्वचेच्या रेषा कुठे संपतात, कुठे दुभंगतात ते बिंदू. कष्टाने नेमके तेच पुसले जातात. आधारमुळे खोटी नावं गळली, पैसे थेट खात्यात आले, हे फायदे मी नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पुरावा द्यायची जबाबदारी १८५८ मध्ये ज्याच्या अंगावर पडली, ती अजून त्याच्याच अंगावर आहे.

चेहऱ्यावर लेबल

गॅल्टनला ठशांमध्ये वंश वाचायचा होता. जमलं नाही, आणि त्याने ते मान्यही केलं. पण शरीराकडे बघून माणसाचा प्रकार ठरवायची हौस काही संपली नाही.

२००९ मध्ये 'इमेजनेट' नावाचा डेटासेट आला. पुढे त्यात १.४ कोटी फोटो झाले, बहुतेक फ्लिकरसारख्या साइटवरून उचललेले, आणि जगभरातल्या हजारो लोकांनी किरकोळ मोबदल्यावर त्यांना लेबलं लावली. आजची फोटो ओळखणारी एआय यावरच मोठी झाली. त्यात माणसांचे २,८०० हून जास्त प्रकार होते. क्रॉफर्ड आणि पॅग्लन यांनी २०१९ मध्ये मिलानलाच 'ट्रेनिंग ह्यूमन्स' हे प्रदर्शन भरवलं आणि सोबत 'इमेजनेट रुलेट' नावाची साइट सुरू केली. सेल्फी टाका, एआय तुम्हाला कोणत्या प्रकारात टाकतं ते बघा. लोकांना लेबलं मिळाली चोर, कर्जबाजारी, नालायक माणूस. काळ्या आणि आशियाई लोकांना वंशावरून दिल्या जाणाऱ्या शिव्या. लोक चिडले, स्क्रीनशॉट पसरले. इमेजनेटच्या टीमने आपलं यावर आधीपासून काम चालू असल्याचं सांगत माणसांच्या विभागातले सहा लाख फोटो काढून टाकत असल्याचं जाहीर केलं.

माझं रोजचं काम मॉडेलला डेटा पुरवणाऱ्या पाइपलाइनचं आहे. तिथे फोटो म्हणजे एका टेबलातली एक ओळ, आणि लेबलचा कॉलम रिकामा असला की कोड एरर देतो. "या माणसाला कुठलंच लेबल लावू नये" हा पर्याय स्कीमात नसतो. 'इमेजनेट रुलेट'ने मला ते रकाने पुन्हा चेहरे म्हणून दाखवले.

साडीवाल्या ट्रेंडच्या वेळी आपणही सेल्फी टाकला आणि मशीनने आपल्याला प्रकारात बसवलं. यावेळी प्रकार सुंदर होता म्हणून कोणी चिडलं नाही. पण गोऱ्या रंगाकडे, निमुळत्या हनुवटीकडे चेहरा हळूच सरकवला गेला होता का, ते आपापला फोटो शेजारी ठेवून बघा.

आता कायद्याकडे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. म्हणजे जेमिनीत टाकलेल्या सेल्फीबद्दल उद्या तुम्ही कंपनीला जाब विचारू शकाल, तो पुसायला सांगू शकाल. पण याच कायद्याच्या कलम ३ मध्ये एक सूट आहे. जी माहिती तुम्ही स्वतः होऊन सार्वजनिक केलीत, तिला हा कायदा लागूच होत नाही.

त्यामुळे तोच साडीतला फोटो अ‍ॅपमध्ये आहे तोवर तुमचा 'वैयक्तिक डेटा'. तो तुम्ही पब्लिक अकाउंटवर टाकलात की या कायद्यापुरता उघड्यावरचा माल, इमेजनेटने फ्लिकरवरून उचलला तसाच. मैत्रिणीने तिच्या अकाउंटवर टाकलेल्या ग्रुप फोटोतला तुमचा चेहरा तुम्ही सार्वजनिक केलेला नाही, त्यामुळे तिथे वाद घालायला जागा उरते. तो वाद पहिल्यांदा डेटा संरक्षण मंडळासमोर जाईल तेव्हा काय ठरतं, याकडे मी लक्ष ठेवून आहे. तोपर्यंत सेटिंग्जमध्ये जाऊन अकाउंट पब्लिक आहे की प्रायव्हेट, एवढं बघून घ्या.